दक्षिण मुंबईतील वारसास्थळे पायी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडून पाहुणे आले, की त्यांना मुंबईत नेमके काय दाखवावे, हा प्रश्न ठाणे, डोंबिवली, बोरिवलीपासून पनवेलपर्यंतच्या घराघरांत उभा राहतो. पुढील प्रश्नोत्तरे अशा यजमानांसाठी आणि स्वतःहून शहर पाहू इच्छिणाऱ्या पाहुण्यांसाठी लिहिली आहेत. संपूर्ण मुंबईचा आवाका येथे घेतलेला नाही. फोर्ट, त्याच्या भोवतालची मैदाने, समुद्रकिनारा आणि तेथून लाँचने गाठता येणारी घारापुरी एवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

एका दिवसात संपूर्ण मुंबई पाहून होते का?

होत नाही. 'मुंबई दर्शन'च्या बसमधून दहा-बारा ठिकाणांसमोरून जाता येते, परंतु त्यांपैकी बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटांच्या वर थांबता येत नाही आणि दिवसाचा मोठा भाग वाहतूक कोंडीत जातो. याउलट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवेपर्यंतचा पट्टा जेमतेम दोन किलोमीटरचा आहे आणि जागतिक वारसा यादीत नोंदलेली शहरातील दोन्ही स्थळे याच पट्ट्यात किंवा त्याला लागून आहेत. त्यामुळे एकच दिवस हाती असेल तर जुहू चौपाटी, सिद्धिविनायक, हाजी अली आणि गेटवे अशी ओढाताण करण्यापेक्षा फोर्ट पायी पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या भागाला 'फोर्ट' म्हणतात, मग किल्ला कुठे आहे?

किल्ला पाडला गेला, आणि तो पाडला गेल्यामुळेच आज तुम्ही जे पाहायला येता ते उभे राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या वसाहतीभोवती तटबंदी उभारली. तिला अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट अशा तीन वेशी होत्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, तेव्हा मराठ्यांचा पुढचा मोर्चा मुंबईकडे वळेल या धास्तीने इंग्रजांनी तटाबाहेर खंदक खोदण्याचे ठरवले आणि शहरातील व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. मराठे मुंबईवर चालून आले नाहीत, खंदक मात्र झाला.

तोफांचा मारा करताना समोर आडोसा राहू नये म्हणून तटाच्या पश्चिमेकडील जमीन मोकळी ठेवली जात असे. या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही आजची मैदाने त्याच पट्ट्याचे अवशेष आहेत. जागेच्या टंचाईसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या शहराच्या मध्यावर एवढी मैदाने कशी उरली, असा प्रश्न पडत असेल, तर त्याचे उत्तर नगररचनाकारांच्या दूरदृष्टीत नसून तोफांच्या पल्ल्यात आहे.

१८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी निरुपयोगी झालेले तट पाडायला घेतले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा आणि तट पाडून मोकळी झालेली जागा या दोहोंतून उच्च न्यायालय, विद्यापीठ, सचिवालय यांसारख्या इमारतींची रांग उभी राहिली. जुन्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आजही शिल्लक आहे, तो पाहण्यासारखा आहे, मात्र रुग्णालयाचे भान ठेवून.

चर्चगेट स्थानकाजवळ चर्च दिसत नाही, मग हे नाव कशावरून पडले?

ते चर्च स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांवर, हॉर्निमन सर्कलजवळ आहे. सेंट थॉमस कॅथेड्रल हे त्याचे नाव असून १७१८ च्या नाताळात ते खुले झाले. या चर्चकडे जाणारी वेस म्हणून तटाच्या त्या दरवाजाला चर्च गेट म्हणत. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे त्याच परिसरात ती वेस होती. वेस गेली, नाव पश्चिमेकडे सरकून रेल्वे स्थानकाला चिकटले. शहरातील जुन्या मैलाच्या दगडांवरील अंतरेही याच चर्चपासून मोजलेली होती. रस्त्यांच्या कडेला अर्धवट गाडले गेलेले असे काही दगड अलीकडच्या वर्षांत पुन्हा उकरून उभे केले गेले आहेत.

फेरीची सुरुवात कुठून करावी?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावी, कारण लोकलने येणारा पाहुणा तिथेच उतरतो आणि नेमका तोच भाग न पाहता टॅक्सी शोधायला बाहेर पडतो. देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी येथील बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तेव्हा स्थानक साधेच होते. आजच्या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे तिचे वास्तुविशारद. दगडी कोरीवकामात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसा यादीत गेली.

बाहेर येण्याआधी उपनगरी गाड्यांच्या तिकीटघरात उभे राहावे आणि मान वर करावी. निळ्या छतावर सोनेरी तारे रंगवलेले आहेत, त्यांना पेलणारे दगडी खांब आहेत आणि खांबांच्या माथ्यांवर कोरलेल्या पानांमधून लहानसे प्राणी डोकावतात. रांगेतली बहुतेक माणसे मोबाइलवर गाडीची वेळ पाहत असतात, त्यामुळे वर पाहणारा माणूस परगावचा हे तिथे लगेच ओळखू येते. त्यात संकोच वाटू देऊ नये.

बाहेरून पाहताना मुख्य प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलेला दिसेल. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, असा त्यांचा अर्थ लावला जातो. मधल्या घुमटावर हातात मशाल उंचावलेली स्त्रीमूर्ती 'प्रगती'ची आहे. मोर, माकडे, सरडे आणि पावसाचे पाणी बाहेर फेकणारी प्राण्यांच्या तोंडांची पन्हाळी शोधण्यात मुले सहज अर्धा तास रमतात, हा अनुभव आहे. दर्शनी बाजू पश्चिमेकडे असल्याने छायाचित्रासाठी दुपारनंतरचा उजेड चांगला. समोरच १८९३ मध्ये पूर्ण झालेले महापालिकेचे मुख्यालय आहे आणि तेही स्टीव्हन्स यांचेच काम आहे.

स्थानकाचे नाव व्हीटी, सीएसटी की सीएसएमटी?

आजचे अधिकृत नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे छत्रपती शिवाजी टर्मिनस १९९६ मध्ये झाले आणि त्यात 'महाराज' हा शब्द २०१७ मध्ये जोडला गेला. टॅक्सीवाल्याला 'व्हीटी' म्हटलेले अजूनही चटकन समजते, ही वस्तुस्थिती आहे.

गेटवे ऑफ इंडिया राजाच्या स्वागतासाठी बांधले, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा दगडी कमान अस्तित्वातच नव्हती. स्वागतासाठी पुठ्ठ्याची तात्पुरती सजावट केलेली होती. कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली, त्यानंतर पाया घालण्यासाठी किनाऱ्यावर भराव टाकावा लागला आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेली सव्वीस मीटर उंचीची कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. म्हणजे राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी त्याचा दरवाजा तयार झाला. पुढे चोवीस वर्षेही झाली नाहीत, तोच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून संचलन करत बोटीवर चढली.

कमानीसमोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. कमानीवर ऊन समुद्राच्या बाजूने, म्हणजे सकाळी पडते. सातच्या आत पोहोचल्यास कबुतरे, पहिल्या लाँचचे खलाशी आणि फिरायला आलेली काही माणसे यांच्याखेरीज तिथे कोणी नसते. रविवारी संध्याकाळी मात्र सुरक्षा तपासणीच्या रांगेतच उत्साह संपतो.

ताजमहाल हॉटेल चुकून उलटे बांधले गेले आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला, असे वाटाडे सांगतात. ते खरे आहे का?

नाही. ही कथा मुंबईत इतक्यांदा आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते की ती खोटी आहे हे सांगणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. प्रस्तुत लेखकालाही एका वाटाड्याने तसे काढले आहे. हॉटेलचे मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होते आणि नंतर मुख्य प्रवेश समुद्राकडे आणला गेला, एवढाच त्यातला सत्यांश आहे. मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. या इमारतीचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केले होते आणि वैद्यांच्या पश्चात डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेले. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले, म्हणजे ते शेजारच्या गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी जुने आहे.

घारापुरीसाठी किती वेळ ठेवावा, आणि तिला एलिफंटा का म्हणतात?

अर्धा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. गेटवेच्या धक्क्यावरून लाँचने एका बाजूस सुमारे एक तास लागतो, बेटावरच्या धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत चालत किंवा छोट्या गाडीने जावे लागते आणि पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. लेणी सोमवारी बंद असतात. सकाळी नऊच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या लाँचने गेल्यास मुख्य लेण्यात गर्दीच्या आधी पोहोचता येते.

बेट रायगड जिल्ह्यात येते आणि त्याचे खरे नाव घारापुरीच आहे. धक्क्याजवळ दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती होता, तो पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. एकोणिसाव्या शतकात हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले आणि ते तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीबागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. ज्याच्यामुळे बेटाला नाव मिळाले तो बेटावर नाही, आणि बेट पाहून परतणाऱ्या शेकडो पर्यटकांना तो कुठे आहे याची कल्पना नसते.

मुख्य लेणे साधारणपणे सहाव्या शतकातले मानले जाते. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दोन मिनिटे एका जागी थांबावे. मागच्या भिंतीतली तीन मुखांची भव्य मूर्ती हळूहळू उलगडते. तिला सर्रास त्रिमूर्ती म्हटले जाते, त्यामुळे ब्रह्मा, विष्णू, महेश असा समज होतो, परंतु ती सदाशिवाची आहे आणि तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. डावीकडचे मुख उग्र भैरवाचे, मिशी असलेले आणि कपाळाला आठ्या पडलेले आहे. उजवीकडचे सौम्य आहे, त्याच्या हातात कमळ आहे आणि ओठांची ठेवण स्त्रीची आहे. मधले मुख डोळे मिटून स्वस्थ आहे. या मूर्तीच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगाधर आहे. पार्वतीच्या विवाहाच्या शिल्पात पार्वतीची किंचित झुकलेली मान पाहावी. दगडात लाज कोरता येते हे तिथे कळते. अनेक मूर्तींचे हातपाय तुटलेले असूनही शिल्पांचा तोल बिघडलेला वाटत नाही.

पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने आहेत, ताक आणि काकडी मिळते. माकडांसमोर पिशवीतून खाऊ काढू नये. बेटावर कायमची वीज समुद्राखालून टाकलेल्या केबलद्वारे २०१८ मध्ये पोहोचली, म्हणजे मुंबईचा झगमगाट रोज डोळ्यांसमोर असताना इथल्या वस्त्यांनी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे जनरेटरवर काढली.

लाँचचा प्रवास सुरक्षित आहे का?

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला भीषण अपघात झाला आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. लाइफ जॅकेट मागून घ्यावे, ते मांडीवर न ठेवता अंगात घालावे, लाँच गच्च भरलेली दिसल्यास पुढच्या लाँचची वाट पाहावी आणि मुलांना कठड्याजवळ उभे करू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना फेऱ्या बंद ठेवल्या जातात, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये घारापुरीवर बेत अवलंबून ठेवू नये.

काळा घोडा परिसरात घोडा कुठे आहे?

मूळ काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या भेटीची आठवण म्हणून बसवलेला अश्वारूढ पुतळा होता. १९६५ मध्ये तो हलवण्यात आला आणि आता तोही राणीबागेतच आहे, घारापुरीच्या हत्तीच्या शेजारपाजारी. मुंबईने नकोशा झालेल्या मूर्ती ठेवायला जणू एक माळाच शोधून ठेवला आहे. चौकात सध्या दिसणारा घोडा २०१७ मध्ये बसवलेला आहे आणि त्याच्या पाठीवर कोणताही राजा नाही. राणीबाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला किती वेळ लागतो?

किमान दोन तास, आणि इतिहासाची आवड असल्यास चार. इमारत विटेट यांचीच आहे. ती तयार झाली तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होते, त्यामुळे आधी तिथे लष्करी रुग्णालय चालले आणि संग्रहालय म्हणून ती जानेवारी १९२२ मध्ये खुली झाली. कुर्ल्याचा निळसर काळा आणि मालाडचा पिवळसर दगड बांधकामात वापरला आहे आणि घुमटाची प्रेरणा विजापूरच्या गोल घुमटाची आहे.

आत गेल्यावर लोक थेट मूर्तींकडे धावतात. त्याआधी मधल्या घुमटाखालची लाकडी कमानींची रचना जरूर पाहावी. नाशिकचा एक जुना वाडा विकला जात असताना संग्रहालयाने ती विकत घेतली आणि विटेट यांनी ती नव्या इमारतीत बसवली. परदेशी माणसाच्या आराखड्यात नाशिकच्या सुताराची करवत अशी शिरली आहे. वेळ कमी असल्यास मीरपूरखासच्या मातीच्या बौद्ध मूर्ती आणि लघुचित्रांचे दालन या दोन गोष्टी चुकवू नयेत.

ओव्हल मैदानाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या का दिसतात?

कारण त्या दोन वेगळ्या शतकांच्या आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त एक मैदान आहे. पूर्वेकडे जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय व राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय ही १८७० च्या दशकातली टोकदार कमानींची, उतरत्या छपरांची गॉथिक रांग आहे. ती समुद्राकडे तोंड करून उभी होती, कारण तेव्हा पश्चिमेला बॅकबेचे पाणी आजच्यापेक्षा बरेच आत होते. विसाव्या शतकात बॅकबेत भराव टाकून नवी जमीन तयार झाली आणि १९३० च्या दशकात मैदानाच्या पश्चिमेला सिमेंट-काँक्रीटच्या, गोलसर कोपऱ्यांच्या, आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग उभी राहिली. जुन्या इमारतींसमोरचा समुद्र गेला आणि त्या जागी शेजारी आले. या दोन्ही रांगा आणि मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती मिळून चौऱ्याण्णव इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंदला गेला.

आर्ट डेको इमारती ओळखण्यासाठी फार ज्ञान लागत नाही. खिडक्यांवर भुवयांसारखे पुढे आलेले छज्जे, जहाजाच्या कठड्यासारखे बाल्कन्यांचे गज, फाटकांच्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण आणि दारावर खास घडणीच्या अक्षरांत इमारतीचे नाव एवढे पाहिले तरी पुरे. या इमारतींत लोक राहतात. दोरीवर कपडे वाळत असतात, गॅलरीत कुंड्या असतात. जिन्यात शिरून छायाचित्रे काढणे बरे नव्हे.

उजेडाचा हिशेब येथे सोपा आहे. पश्चिमेकडच्या इमारतींवर सकाळी ऊन पडते आणि पूर्वेकडच्यांवर दुपारनंतर. चारच्या सुमारास मैदानाच्या पश्चिम कडेला उभे राहिल्यास समोर राजाबाई टॉवर उन्हात तांबूस पिवळा दिसतो आणि मध्ये एकाच वेळी आठ-दहा क्रिकेटचे सामने चाललेले असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीवर उभा असतो आणि तरीही कुणाचा चेंडू कुणाचा याबद्दल भांडण होत नाही.

राजाबाई कोण होत्या?

कापसाच्या तेजीत अफाट पैसा मिळवलेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या त्या मातोश्री. टॉवरसाठी प्रेमचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचे नाव देण्याची अट घातली. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा जैन नियम पाळणाऱ्या, दृष्टी गेलेल्या राजाबाईंना टोल ऐकून वेळ कळावी हा हेतू होता, अशी आख्यायिका सांगितली जाते. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि प्रेमचंद यांच्यासह निम्मी मुंबई बुडाली, तरीही टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची २८० फूट आहे. त्याचे आराखडे करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवले नाही. टॉवरवर चढता येत नाही.

हुतात्मा चौक आणि फ्लोरा फाउंटन एकच का?

होय. १८६४ मध्ये उभारलेले हे कारंजे मुळात तट पाडणाऱ्या फ्रिअर यांच्या नावाने व्हायचे होते. प्रत्यक्षात फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे नाव रूढ झाले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला. चळवळीत प्राण गेलेल्यांच्या स्मरणार्थ शेजारी स्मारक आहे आणि त्यात शेतकरी व कामगार एकत्र मशाल धरून उभे आहेत. कारंज्याचे छायाचित्र काढून निघून जाणारे पर्यटक अनेक दिसतात. मराठी पाहुण्यांनी तरी दहा पावले पुढे जावे.

एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर बसता येते का?

पूर्वी येथे निवांत बसणारे खूप असत, आता सुरक्षारक्षकाच्या सूचनेनुसार वागावे. तीस पायऱ्या आणि जाड खांब असलेली ही टाउन हॉलची इमारत १८३३ ची आहे.

क्रॉफर्ड मार्केट पाहण्यासारखे आहे का?

खरेदी करायची नसली तरी आहे. अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई असून ती १८६९ ची आहे. प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची आणि बाजाराची दगडी उठावचित्रे जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांमधल्या गवताचा वास बाहेर रस्त्यापर्यंत येतो. भाव विचारून लगेच घेऊ नये.

गर्दीपासून दूर, जुने काही पाहायचे असल्यास?

वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव पाहावा. शिलाहार राजांच्या दरबारातील मंत्री लक्ष्मण प्रभू यांनी तो ११२७ मध्ये बांधल्याचे सांगतात. पोर्तुगीज राजवटीत येथील देवस्थानाची वाताहत झाल्यानंतर रामा कामत या गौड सारस्वत व्यापाऱ्याने १७१५ च्या सुमारास ते पुन्हा उभारले. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तलावाचे पाणी गोडे आहे. भोवती देवळे, धर्मशाळा आणि मठ आहेत, त्यांत गोव्याच्या कवळे मठाची शाखाही आहे. पायऱ्यांवर पिंडदान चालू असते, त्यामुळे छायाचित्र काढण्यापूर्वी समोर काय चालले आहे ते पाहावे.

फिरण्यासाठी कोणता वार चांगला?

फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग असल्याने रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात आणि इमारती नीट दिसतात. परंतु रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. कामाच्या दिवशी यायचे असल्यास सकाळी साडेसातच्या आत लोकल पकडावी किंवा सरळ अकरानंतर निघावे. त्या मधल्या वेळेत सामान, म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन लोकलमध्ये चढणे म्हणजे साहसच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली असून तिची सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही स्थानके या फेरीला सोयीची आहेत. विमानतळावरून येणाऱ्यांना तर टॅक्सीची गरजच उरलेली नाही.

पावसाळ्यात ही फेरी करता येते का?

काही प्रमाणात येते. दादाभाई नौरोजी मार्गावरील जुन्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानदार पडव्या आहेत. पदपथ त्यांच्याखालून जात असल्याने सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत बराचसा रस्ता डोक्यावर छप्पर ठेवून चालता येतो. मात्र याच पडव्यांत फेरीवालेही बसतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी असल्याचे वृत्तपत्रात वाचले, तर बेत पुढे ढकलावा, कारण अडचण फोर्टमध्ये कमी आणि परतीच्या रुळांवर जास्त येते.

ज्येष्ठ नागरिकांना सोबत नेता येईल का?

संपूर्ण फेरी एका दमात करू नये. सीएसएमटी आणि वस्तुसंग्रहालय सकाळी, विश्रांती, आणि संध्याकाळी ओव्हल व मरीन ड्राइव्ह असे दोन तुकडे करावेत. घारापुरीच्या पायऱ्यांवर डोलीची सोय मिळते, भाव आधी ठरवावा. लाँचमध्ये चढताना धक्का आणि बोट यांच्यामधली उडी गुडघेदुखी असणाऱ्यांना जड जाते, याचा विचार घरीच करावा. सार्वजनिक स्वच्छतागृहांपेक्षा संग्रहालयातील स्वच्छतागृह भरवशाचे आहे.

जेवणाखाणाचे काय?

फोर्टमध्ये कचेऱ्यांतल्या माणसांसाठी चालणाऱ्या खानावळी आणि उडपी हॉटेले भरपूर आहेत. एक ते दोन या वेळेत तिथे टेबल मिळत नाही, म्हणून साडेबाराला तरी बसावे. उरलेल्या इराणी हॉटेलांपैकी एखाद्यात ब्रून मस्का आणि चहा घ्यावा. पाव कडक असतो, तो चहात बुडवूनच खायचा असतो. गेटवेजवळ खाण्यापेक्षा थोडे आत, गल्लीत शिरून खाल्लेले खिशाला आणि पोटाला बरे.

दिवसाचा शेवट कुठे करावा?

ओव्हलवरून चर्चगेट स्थानकाला वळसा घालून सरळ पश्चिमेकडे चालत गेल्यास दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह येतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचावे, कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसावे आणि डावीकडे नरिमन पॉइंटपासून उजवीकडे मलबार हिलपर्यंतची कमान पाहावी. भरतीच्या वेळी त्रिकोणी दगडांवर उतरू नये, ते शेवाळाने निसरडे असतात. परतीसाठी पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना चर्चगेट जवळच आहे आणि गाडी तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. मध्य रेल्वेवर जायचे असल्यास संध्याकाळी आठनंतर सीएसएमटीला परतावे. त्या वेळी इमारतीवर दिवे लागलेले असतात आणि कल्याणकडच्या गाड्यांची गर्दी थोडी ओसरलेली असते.